‘तिला शिबिरात घ्या म्हणणं जास्त होतंय का?’

‘‘मॅडम, तिला घ्या म्हणणं जास्तच होतंय का? बाकीच्या मुलांचा खोळंबा होईल ना.’’ माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे अपंग मुलांचे पालक हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतातच. या आईची मुलगी दहा वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) आहे, वॉकर घेऊन चालते. सुट्टीतल्या नाट्यशिबिराला जायचंच, असा तिचा हट्ट. आयोजक ‘कळवतो’ म्हणाले आणि गप्प बसले.

आईने केलेला अर्ज मी वाचला. आधी जन्माच्या वेळची गुंतागुंत, मग शस्त्रक्रिया, शेवटी ‘तिच्या हालचाली सुधारतील, कृपया सहकार्य करावे’. नाटकाबद्दल जेमतेम एक ओळ! अपंग मुलांची साधी मौजही उपचार म्हणून खपवावी लागते, याची मला खरंच चीड येते. खेळ सक्तीचा नसतो, तो आतल्या ओढीने आणि खेळण्यासाठीच खेळला जातो, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१३मध्ये लिहून ठेवलंय.

आईला मी संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क कराराबद्दल सांगितलं. खेळ, करमणूक, फुरसतीचे उपक्रम यांत अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने भाग घेता यावा, हे पाहण्याची जबाबदारी त्याच्या ३०व्या कलमाने सरकारांवर टाकली आहे. गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणं हा करारानुसार भेदभाव ठरतो. समोरच्यावर अवाजवी बोजा मात्र पडू नये. अर्थात करार सरकारांना बांधतो, शिबिरवाल्यांना थेट नाही. त्यांच्यापर्यंत तो पोहोचतो देशाच्या कायद्यातून, म्हणून आपल्याकडचा अपंग हक्क कायदा काय म्हणतो ते आधी बघायचं. शिबिर सरकारी सभागृहात किंवा अनुदानावर चालत असेल, तर आपली बाजू आणखी भक्कम.

‘सहकार्य करावे’ यावर आयोजकांनी नेमकं करायचं काय? म्हणून मी मुलीलाच विचारलं, ‘‘तुला तिथे काय काय लागेल?’’ तिची यादी तयारच होती. तालीम तळमजल्यावर हवी. बाथरूमला जाताना सोबत एखादी ताई हवी. आणि आई शेजारी बसलेली नको.

आईचा चेहरा पडला. इतकी वर्षं प्रत्येक ठिकाणी सोबत तीच असायची. त्यावर बोलण्यातच आमचं ते सत्र गेलं, आणि माझ्या मते अर्जापेक्षा ते जास्त गरजेचं होतं. समवयस्कांत एकटं रमता येणं हाही सहभागच आहे.

नव्या अर्जात आजाराचं एकच वाक्य राहिलं. बाकी मुलीची यादी, तिच्याच शब्दांत. प्रवेश मिळाला, तळमजल्याची खोली आणि ताईही मिळाली. शिबिराच्या सहलीला मात्र नकार आलाय; म्हणे बसच्या पायऱ्या उंच आहेत. तोंडी नकारावर पुढे तक्रार करणं अवघड, म्हणून आईने तो कारणासह लेखी मागितलाय.