वाचकांचे प्रश्न : सेल्जुक सराईतले दगडकाम

प्रश्न : तुर्कस्तानात अक्सरायजवळ असलेल्या सुलतान हान या सराईचा (व्यापारी तांड्यांच्या मुक्कामाच्या जागेचा) दरवाजा कोरीवकामाने भरलेला आहे, पण बाहेरच्या भिंती अगदी कोऱ्या. काम अर्धवट राहिले का?

उत्तर : नाही, ते मुद्दाम तसे केले आहे. तेव्हा इथे राज्य करणाऱ्या सेल्जुक या तुर्क घराण्यातला सुलतान अलाउद्दीन कैकुबाद पहिला याने 1229 मध्ये ही सराई बांधली. रात्री माल, उंट आणि माणसे आत घेऊन एकमेव दरवाजा बंद व्हायचा, म्हणून भिंत किल्ल्यासारखी जाड आणि बुरुजांनी आधारलेली. तिच्या आतबाहेर घडीव दगड आणि मधे दगडगोटे व चुन्याचा भराव असतो. नक्षी आहे ती जिथे माणूस थबकतो तिथे : सुमारे 13 मीटर उंच संगमरवरी प्रवेशद्वार, अंगणातली मशीद आणि मागच्या दालनाचा दरवाजा. तिन्हींपैकी मशीद जरूर निरखावी. चार कमानींवर उचलून धरलेली ही छोटी चौकोनी खोली भर अंगणात आहे. खाली मोकळी वाट आणि वर जायला दगडी जिना.

मागचे दालन खांबांनी विभागलेल्या पाच लांब रांगांचे. मधली रांग उंच, तिच्यावर घुमट, आणि प्रकाश येतो तो बहुतेक त्या घुमटाच्या खिडक्यांतून.

प्रश्न : दरवाजावरची मधाच्या पोळ्यासारखी रचना कोसळत कशी नाही?

उत्तर : तिला मुकर्नास म्हणतात. दिसायला ती लोंबती वाटते, पण खरे तर आडव्या थरांची आहे. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे येतो. दगडाचे शेपूट भिंतीत खोल गेलेले असते आणि त्यावर वरच्या भिंतीचे वजन बसते. पुढे आलेला भाग मागच्या वजनापेक्षा भारी झाला तर दगड उलटेल. म्हणून आधी सगळ्या थरांचा वरून दिसणारा आराखडा एकाच रेखाचित्रात मांडावा लागतो आणि मग दगड घडवायचे. इराणमध्ये तख्त-ए-सुलेमान इथे असा आराखडा कोरलेली 1270 च्या दशकातली गचाची (जिप्समच्या गिलाव्याची) फरशी सापडली आहे.

दाराच्या कमानीकडे नीट पाहा : दोन रंगांचे दगड एकमेकांच्या खाचेत अडकलेले दिसतील. सांधा सरळ न ठेवता दातेरी केला की दगड घसरत नाही. ही रीत सीरियातली. दरवाजावर नाव कोरलेला स्थपती मुहम्मद बिन खवलान दमास्कसचाच, आणि तुर्कस्तानातल्या कोन्या शहरातल्या अलाउद्दीन मशिदीतही त्याचे नाव आहे.

प्रश्न : नक्षीतला जुना दगड आणि दुरुस्तीचा दगड वेगळे ओळखता येतात का?

उत्तर : बऱ्याचदा येतात. नक्षीतली पट्टी एकीवरून, मग दुसरीखालून, अशी आलटूनपालटून जाते. सांध्याशी बोट ठेवून तिचा माग घ्या. पट्टी दोनदा लागोपाठ वरून गेली किंवा सांध्यावर बोटभर सरकली, तर तिथला दगड बहुधा नंतर बसवला आहे. या सराईला आग लागल्यावर 1278 मध्ये दुरुस्ती झाली होती, त्यामुळे नवा वाटणारा दगड शेकडो वर्षांचाही असू शकतो.

दुरुस्तीतली खरी धास्ती सिमेंटची. सांध्यात चुन्याऐवजी सिमेंट भरले की भिंतीतल्या ओलीला सांध्यातून बाहेर पडता येत नाही. ती दगडातून निघते, क्षार पृष्ठभागाशी जमतात आणि कोरीव थर पापुद्र्यांसारखा सुटतो; सांधा मात्र शाबूत राहतो.