हेड तिसऱ्यांदा उतरवण्याआधी कॅमचं कार्ड मागा

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या बोटीचा तो अख्खा वाया गेलेला हंगाम डोळ्यांपुढे आला. तुम्ही लिहिलंय: ५.७ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) पेट्रोल इंजिन, स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, प्रोपेलर मागे बाहेर), पावसाळ्यात बोट वर घेऊन इंजिन 'हाय परफॉर्मन्स' बांधून घेतलं. मोकळ्या समुद्रात मस्त पळतं, पण जेटीजवळ थोडा वेळ हळू चालवून बंद केलं की दुसऱ्या दिवशी स्पार्क प्लगवर पाणी. गॅरेजवाल्यांनी दोनदा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) बदललं, आता म्हणतायत ब्लॉकलाच चीर आहे. आम्हालाही अगदी हेच, याच क्रमाने सांगितलं गेलं होतं.

तुम्ही एक गोष्ट ओघात लिहून गेलात, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच: इंजिनाला हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने कूलंट थंड करणारा भाग) आहे आणि कूलंट कमी होत नाही. ब्लॉक आणि हेडमध्ये कूलंट फिरत असेल, तर गॅस्केट गेल्यावर सिलिंडरमध्ये कूलंट यायला हवं. खारं पाणी येत असेल तर ते एक्झॉस्टच्या बाजूनेच येतंय, कारण समुद्राचं पाणी तिथेच, रायझरच्या (एक्झॉस्टच्या वर चढणाऱ्या पाइपच्या) पुढे, धुरात मिसळतं. प्लगच्या भोकातून थोडं पाणी ओढून काचेवर वाळवा. मिठाचा पांढरा थर राहिला की हेडचा विषय संपला. चाखून बघू नका, कूलंट विषारी असतं.

आता कॅम, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा शाफ्ट. आमच्या इंजिनात त्या वर्कशॉपने मोटारींच्या शर्यतीचा कॅम घातला होता. बिलावर नुसतं 'परफॉर्मन्स कॅम', ना पार्ट नंबर ना कार्ड (कॅमच्या मापांचा कागद). अशा कॅमला ओव्हरलॅप फार, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी बराच काळ उघडे राहतात. मोटारीचा सायलेन्सर कोरडा असतो, तिथे याने फक्त आयडलिंग लडखडतं. बोटीत मात्र आयडलला थ्रॉटल बंद असल्याने इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम असतो, आणि तो त्या उघड्या व्हॉल्व्हमधून एक्झॉस्टचा धूर उलटा ओढतो. धुराबरोबर रायझरमधले पाण्याचे तुषारही सिलिंडरपर्यंत येतात. आरपीएम वाढले की ओव्हरलॅपला वेळच कमी मिळतो आणि धूर जोरात बाहेर पडतो, म्हणून पळताना काहीच जाणवत नाही. तुमची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात.

आमचा राग त्या वर्कशॉपवर अजून आहे, आणि तो कॅम घातला म्हणून नाही. पाणी दिसल्यावरही त्यांनी एकदाही एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (हेडला जोडलेला धुराचा पाइप) काढून हेडमधले पोर्ट, म्हणजे धुराच्या वाटा, बघितले नाहीत. दरवेळी हेड उतरवायचं, फेसिंग करायचं (पृष्ठभाग सपाट करायचा), नवीन गॅस्केट, नवीन बिल. कॅमचे आकडे विचारले की "तुम्हाला त्यातलं काय कळतं" हे उत्तर. तोवर तेल दुधाळ झालं, बेअरिंग गेली, क्रँकशाफ्टच्या जर्नलवर (बेअरिंग बसते त्या भागावर) गंजाचे खड्डे पडले. शेवटी दुसऱ्या माणसाने मॅनिफोल्ड उतरवलं, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला गंज आणि मिठाची रांगोळी. ब्लॉक ठणठणीत होता. चीर आहे म्हणणाऱ्यांनी प्रेशर टेस्टसुद्धा केली नव्हती. तुमच्याकडे केलीय का? नसेल तर ब्लॉक बदलायला एक रुपयाही देऊ नका.

मी कुठल्याही कंपनीचा अधिकृत तंत्रज्ञ नाही आणि तुमचं इंजिन पाहिलेलं नाही, त्यामुळे कॅमवर बोट ठेवण्याआधी रायझर आणि मॅनिफोल्डची प्रेशर टेस्ट कराच. गंजलेला रायझर किंवा त्याचं गेलेलं गॅस्केटही असंच पाणी सोडतं, पण ते बहुधा जवळच्या एकदोन सिलिंडरमध्ये. पाणी बऱ्याच सिलिंडरमध्ये असेल तर माझा संशय कॅमवर. वाय-पाइपमधले (दोन्ही बाजूंचा धूर एकत्र येतो त्या पाइपमधले) रबरी फ्लॅपर, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपा, जळालेत का, तेही बघा.

माझं मत विचाराल तर असा पाण्याचा एक्झॉस्ट असलेल्या स्मॉल ब्लॉकला (तुमच्यासारख्या व्ही-८ ला) ०.०५० इंच लिफ्टवर इनटेक ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या अंशांत) २२०-२२५ अंशांच्या पुढे नेऊ नये, आणि लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला कोन, कमी झाला की ओव्हरलॅप वाढतो) ११२ अंशांच्या खाली नको. काही जण उंच रायझर किंवा स्पेसर लावून मोठा कॅम चालवतात. स्पेसरने थोडा फरक पडतो, पण हप्त्याहप्त्याने खर्च करण्यापेक्षा कॅम बदला.

ताकद हवीच असेल तर आधी पंखा (प्रोपेलर) बघा. पिच (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) एक इंच वाढवली की आरपीएम साधारण १५०-२०० ने उतरतात. फुल थ्रॉटलला इंजिन त्याच्या ठरलेल्या रेंजपर्यंत पोचत नसेल, तर कितीही ट्यूनिंग करा, ते दबूनच चालणार. आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मोटारीसारखं पुढे ओढू देऊ नका. बोटीचं इंजिन सतत कशेडी घाट चढत असल्यासारखं लोडवर असतं, डिटोनेशनने (इंधन सिलिंडरमध्ये भलत्या वेळी भडकल्याने) पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. त्यात आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) मिळतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ पट, म्हणजे जुन्याच जेटवर (इंधनाच्या छिद्रावर) कार्ब्युरेटर लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चालतो. बहुतेक मरीन इंजिनांच्या पुस्तकात इथेनॉलची मर्यादा १० टक्केच दिलेली असते. टाकी महिनोन् महिने भरून ठेवू नका, इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं.

पैसे वाचवायला मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर कोणी सुचवला तर साफ नकार द्या. मरीन स्टार्टर-अल्टरनेटरची ठिणगी बाहेर येत नाही. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) पेट्रोलची वाफ साचलेली असेल तर मोटारीच्या एका ठिणगीने बोट जाते, माणसांसकट.

आता लगेच करायचं काम. प्लग लावलेले असताना अजिबात क्रँक करू नका (स्टार्टरने फिरवू नका), पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात. सगळे प्लग काढा, इग्निशनचं कनेक्शन काढा, ब्लोअर (हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवून बिल्जमधली वाफ बाहेर काढा, मग क्रँक करून पाणी बाहेर काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल फवारा. हे आजच करा, खाऱ्या पाण्याने एका रात्रीत बोअरवर गंज धरतो. तेल दुधाळ असेल तर तेही बदला.

कॅम कार्ड मिळालं तर ड्युरेशन आणि लोब सेपरेशनचे आकडे इथे टाका. कार्ड द्यायला नाही म्हणाले तर पुढचा हात त्यांना लावू देऊ नका. डायल गेज आणि डिग्री व्हील असलेला कोणीही चांगला मशीनिस्ट इंजिनवरच कॅम मोजून देईल.