विद्यापीठाच्या मेल आयडीवरून खासगी मेल पाठवले तर चालतं का?

तुम्ही विचारलंय की विद्यापीठात नवीन लागलाय, ऑफिसचा मेल आयडी मिळालाय, त्यावरून घरचे मेल केले तर कोणी पकडतं का.

पकडायला कोणी टपून बसलेलं नसतं. मी नवी मुंबईतल्या एका विद्यापीठात परीक्षा विभागात आहे. मुलाला बरं नाही म्हणून शाळेला दोन ओळी लिहिल्या, एवढ्यावरून कुणाला मेमो मिळालेला मी पाहिला नाही. घोळ होतो तो खालच्या सहीमुळे.

मी ऐरोलीला राहतो. पार्किंगवरून सोसायटीच्या सेक्रेटरीला एक खरमरीत मेल लिहिला, डबा खाता खाता, समोर उघड्या असलेल्या ऑफिसच्या खात्यातून. खाली आपोआप नाव, हुद्दा, विभाग आणि विद्यापीठाचं बोधचिन्ह. सेक्रेटरी वस्ताद निघाला. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली, वर लाल पेनाने 'आपल्या पार्किंगशी विद्यापीठाचा काय संबंध?' आमच्या उपकुलसचिव मॅडमची नणंद त्याच इमारतीत. मॅडम ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं, "हे पत्र विद्यापीठाने पाठवलंय का हो?" तेव्हापासून घरचं सगळं मोबाइलवरच्या खात्यातून.

ऑफिसचा मेलबॉक्स तुमचा नाही, खुर्चीचा आहे. गूगल वर्कस्पेस (गूगलची संस्थांसाठीची मेलची सेवा) असेल तर व्हॉल्ट नावाच्या सोयीतून अ‍ॅडमिन जुने मेल शोधून काढू शकतो. साठवणीचा नियम लावलेला असेल तर तुम्ही डिलीट केलेलेसुद्धा. विद्यापीठ शासकीय असेल तर माहिती अधिकार कायदा, 2005 आहेच. त्यातल्या 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेल हा शब्दच छापलेला आहे. खासगी मजकूर सरसकट कुणाला मिळत नाही, पण अर्ज आला की आधी आपलेच लोक तुमचे मेल चाळणार. नकोच ते.

'सर्व कर्मचारी' या यादीवर फराळाची ऑर्डर, फ्लॅट विकणे आहे, निवडणुकीच्या दिवसांतली पक्षाची पत्रकं, यातलं काहीही टाकू नका. दिवाळीत एकीने चकलीचा दर कळवला आणि चाळीस जणांनी 'रिप्लाय ऑल' करून अर्धा-अर्धा किलो मागितली. त्या गर्दीत हॉल तिकिटाचं परिपत्रक दिसलंच नाही कुणाला. (चकली चांगली होती.)

बँक, डीमॅट, महावितरण यांना हा आयडी चुकूनही देऊ नका. आमचे एक साहेब निवृत्त झाले, खातं बंद झालं, आणि डीमॅटचा ओटीपी त्या बंद खात्यात जात राहिला. बिचारे महिनाभर फेऱ्या मारत होते.

खरं तर तुमच्या प्रश्नाची उलटी बाजू जास्त महागात पडते: ऑफिसचं काम घरच्या मेलवर. निकालाच्या दिवसांत लोक गुणांची एक्सेल स्वतःच्या जीमेलवर पाठवून घेतात, 'ठाण्याला जाता जाता ट्रेनमध्ये बघतो' म्हणून. तो विद्यार्थ्यांचा वैयक्तिक डेटा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो सांभाळण्यात कसूर झाली तर संस्थेला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि फाइल कुणी बाहेर पाठवली हे विचारत विचारत गाडी तुमच्या टेबलापाशीच येऊन थांबणार. घरून काम करायचंच असेल तर ऑफिसच्याच खात्यात लॉगिन करा, फाइल तिथेच उघडा, आणि लिंक 'ज्याच्याकडे असेल त्याला दिसेल' अशी ठेवू नका.