नादारी घेतली की सगळं कर्ज मिटतं का?

लातूर जिल्ह्यातल्या एका गावात कृषी सेवा केंद्र चालवणारे चाळिशीतले गृहस्थ बायकोला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बसता बसताच म्हणाले, "सर, कोर्टात दिवाळं काढलं की समदं मिटतं म्हणतेत. तसंच करून टाकू का?" सोयाबीन पाण्यात गेलं, खताबियाण्याची उधारी गावात अडकली आणि डोक्यावर साडेतेरा लाख बसले.

हो-नाही म्हणण्याआधी कागदावर रकाने पाडले: कुणाचे, मुद्दल किती, तारण काय, जामीनदार कोण, चेक दिलेत का. बँकेचे 6 लाख, घर गहाण. पतसंस्थेचे 3 लाख, मेहुणा आणि शेजारी जामीन. ठोक व्यापाऱ्याचे 2 लाख 10 हजार, त्यातला चेक परत आलेला. जीएसटीचे 40 हजार. आणि सावकाराचे 2 लाख, महिना शेकडा पाचने, सही केलेल्या पाच कोऱ्या चेकांवर.

आता या कागदावर नादारी, म्हणजे कोर्टाकडून दिवाळखोर ठरवून घेणं, ठेवून बघा. गहाण घरावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो. सरकारी देणं सुटत नाही. फसवणुकीतून झालेलं देणं सुटत नाही, बायकोमुलांच्या पोटगीचा हुकूम असेल तर तीही सुटत नाही. पतसंस्थेचं देणं कर्जदाराच्या अंगावरून उतरलं तरी जामीनदार मोकळे होत नाहीत. वसुली मेहुण्याच्या दारात जाते. न वटलेल्या चेकचा फौजदारी खटला नादारीने थांबत नाही. म्हणजे एवढं करून खरा दिलासा फार थोड्या रकमेला.

2016 चा दिवाळखोरी कायदा सामान्य माणसाच्या कर्जाला अजून लागू केलेला नाही. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना तेवढा लागू आहे. बाकीच्यांचा अर्ज जुन्या नादारी कायद्याखाली न्यायालयात जातो. तिथे लोक एका जागी हमखास फसतात. "नादार ठरवलं" म्हणजे कर्जातून सुटका झाली, असं धरून घरी बसतात. सुटकेचा अर्ज वेगळा असतो आणि तो कोर्टाने दिलेल्या मुदतीतच करायचा असतो. मुदत चुकली तर नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो. शिवाय मालमत्तेतून रुपयामागे आठ आणे तरी निघावे लागतात. नाहीतर तूट आपल्या हातची नव्हती हे कोर्टाला पटवावं लागतं. म्हणून अतिवृष्टीचे, दुष्काळाचे पंचनामे जपून ठेवा.

अर्जाच्या आधी शेत बायकोच्या नावावर करण्याचा सल्ला गावात फुकट मिळतो. तो ऐकू नका. अर्जाआधीच्या 2 वर्षांतलं असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, आणि नादारी चालू असेपर्यंत ग्रामपंचायतीची निवडणूकही लढता येत नाही.

या कागदात खरी वाट सावकाराच्या रकान्यात होती. त्यांच्या खिशातल्या छोट्या डायरीत दर महिन्याच्या 10 तारखेला "10,000 दिले" अशा 22 नोंदी निघाल्या, त्यातल्या सात फोनपेच्या उताऱ्यातही. म्हणजे 2 लाख मुद्दलावर 2 लाख 20 हजार व्याज गेलेलं. आणि सावकाराकडे परवानाच नव्हता. महाराष्ट्र सावकारी अधिनियम, 2014 प्रमाणे विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपली जुनी दामदुपटीची मर्यादा ती हीच. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे (सहकारी संस्था) करायची. डायरी, फोनपेचा उतारा आणि चेकांचे नंबर जोडायचे.

या कामाला एक रुपयाही कुणाला देऊ नका. "कर्जमुक्ती करून देतो" म्हणून आधी फी मागणाऱ्यांपासून लांब राहा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुका कोर्टात तालुका समिती, फोन 15100. मोफत वकिलासाठी बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट नाही. पूर-दुष्काळाचा फटका बसलेल्यांचाही कायद्यात उल्लेख आहे, हे आपल्या भागात फार कमी जणांना माहीत असतं. बाकीच्यांनी उत्पन्नाचा दाखला न्यावा. बँकेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत जाता येतं, फोन 14448. पतसंस्थेची तक्रार मात्र तिथे चालत नाही, ती निबंधकांकडेच.

बायको तोवर गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "रातच्याला झोपत नाहीत हे." हे ऐकून पुढे जाता येत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये तिथेच टाकून घेतला. रात्रीही कुणीतरी फोन उचलतं.

नादारीचा अर्ज केला नाही. व्यापाऱ्याशी लोकअदालतीत आठ हप्त्यांची तडजोड झाली आणि चेकचा खटला मिटला. पतसंस्थेशी एकरकमी परतफेडीचं बोलणं सुरू आहे. त्या कागदाची झेरॉक्स त्याच संध्याकाळी मेहुण्याच्या हातात दिली. जामीन राहूनही त्याला तोवर काहीच माहीत नव्हतं.