माळ्यावरचा लाव्हा लॅम्प

प्रश्न : मामाने अमेरिकेहून आणलेला लाव्हा लॅम्प (बल्बच्या उष्णतेने बाटलीत रंगीत मेणाचे गोळे वर-खाली फिरणारा शोभेचा दिवा) कित्येक वर्षं माळ्यावर होता, मेण तळाला घट्ट बसलंय, पाणीही गढूळ दिसतंय. हलवून बघू का?

उत्तर : अजिबात हलवू नका हो, त्यानेच तर पाणी आणखी गढूळ होतं! आधी बुडाचं लेबल वाचा, अमेरिकेतला म्हणजे बहुतेक 120 व्होल्टचा असणार, आपल्या 230 वर थेट लावलात तर बल्ब गेलाच, त्यामुळे 230 चे 120 व्होल्ट करणारा स्टेपडाऊन कन्व्हर्टर हवाच. बल्ब लेबलवर लिहिलाय तेवढ्याच वॅटचा आणि जुन्या पद्धतीचा, आत तार तापणारा घ्या, एलईडी उजेड देतो पण मेण वितळवण्याइतका तापत नाही. मग पंखा-एसीपासून लांब, सपाट टेबलावर ठेवून चारेक तास नुसता चालू ठेवा, सुरुवातीला मेणाचे वेडेवाकडे सुळके वर येतील, येऊ देत, तो नॉर्मल प्रकार आहे. आठेक तासांनी बंद करून पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना उचलू नका. असं काही दिवस केलं की गढूळपणा बरेचदा बसतो.

आणि प्लीज, घाई म्हणून गॅसवर तापवू नका, 2004 मध्ये वॉशिंग्टन राज्यात असंच स्टोव्हवर ठेवल्यावर बाटली फुटून एक तरुण गेलाय.