सही कधी, कुठल्या भानात?

प्रश्न : बाबा 78 वर्षांचे. सकाळी सगळं नीट बोलतात, दिवेलागणीला मलाच ओळखत नाहीत. भाऊ म्हणतो, आता त्यांचं मृत्युपत्र चालत नाही. खरं का? (ता. दर्यापूर)

पुरतं खरं नाही. एरवी भान नसलेला माणूसही भानावर असताना मृत्युपत्र करू शकतो, असं भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 चं कलम 59 सांगतं. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी गोंधळ वाढतो हे वार्धक्याच्या अभ्यासकांना चांगलंच माहीत आहे. म्हणून दस्ताचं काम सकाळी उरका.

त्याआधी एक पाहा : हा गोंधळ चार-सहा दिवसांतच सुरू झाला का? तसं असेल तर लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं किंवा एखादी नवी गोळी कारण असू शकते आणि बाबा बरे होऊ शकतात. आधी दवाखाना, मग दस्त. गोंधळ हळूहळू वाढला असेल तरी बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या.

सहीच्या दिवशीच डॉक्टरांचा दाखला घ्या. ‘प्रकृती ठीक’ एवढ्या दोन शब्दांवर कोर्टात निभावणं कठीण. काय विचारलं, बाबा काय बोलले, ते त्यात हवं. गट नंबर आठवला नाही तरी बिघडत नाही. ‘विहिरीचं वावर थोरल्याले, नाल्याकडचं पोरीले’ असं ते आपणहून म्हणाले असतील, तर तसंच उतरवायला सांगा. साक्षीदार दोन, आणि ज्यांना काही मिळणार नाही असे. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा.

प्रश्न : तीन एकर वावर बक्षीसपत्रानं पोराच्या नावे केलं. फेरफार झाला, सातबारा त्याचा झाला. आता तो जेवायलाही विचारत नाही. मला कमी ऐकू येते. (ता. आर्णी)

मावशी, ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्याचं कलम 23 तुमच्याच कामाचं आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर, रद्द करून मागता येते. घोडं अडतं ते अटीवर. दस्तात बहुतेकदा नुसतं ‘प्रेमापोटी’ लिहिलेलं असतं. अट सिद्ध झालीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2022 मध्ये म्हटलं. जानेवारी 2025 मध्ये मात्र कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे लावला. त्या प्रकरणात सांभाळ करण्याचं वेगळं लेखी वचन होतं. तुमच्या पेटीत असा एखादा कागद आहे का, शोधा.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करा. त्यातच निर्वाहाची रक्कमही मागा. कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये. याच कायद्याचं कलम 17 वकिलाला मनाई करतं, म्हणजे बोलायचं बहुतेकदा तुम्हालाच. इथंच अनेक जण फसतात. ऐकू न आल्यानं म्हातारी माणसं मान हलवतात आणि ती संमती समजली जाते. कानाची तपासणी तारखेआधी करा आणि ‘मले ऐकू येत नाही, लिहून दाखवा’ किंवा ‘जवळ येऊन सांगा’ असं तिथं मोठ्यानं म्हणा.

प्रश्न : मूलबाळ नाही. पुतण्या वावर करतो, पण पैसा देत नाही. (ता. सिंदेवाही)

तो कायदेशीर वारस असेल आणि वावर त्याच्या ताब्यात असेल किंवा पुढं त्यालाच मिळणार असेल, तर वर सांगितलेल्या 2007 च्याच कायद्यानं निर्वाह त्याच्याकडून मागता येतो. सातबारा आणि वंशावळ सोबत जोडा. घरात मारहाण होत असेल तर आधी 14567 वर फोन करा, अर्ज नंतर.