फॅटी लिव्हर आणि पोटाच्या तक्रारींवर वनौषधी घेतल्या तर आजार बरा होतो का?

यकृताचा आजार वनौषधींनी बरा होत नाही. तो बरा करते असं खात्रीने सिद्ध झालेली वनौषधी आजवर नाही. भरपूर चाचण्या झालेल्या सिलिमरिननेही (मिल्क थिसल या वनस्पतीचा अर्क) सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याच्या आजाराच्या, रुग्णांचं आयुष्य वाढल्याचं ठोसपणे दिसलेलं नाही. उलट ग्रीन टीचा अर्क, अश्वगंधा, गुळवेल, हळदीच्या गोळ्या यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आधीच दुखावलेल्या यकृताला अशी इजा फार महागात पडते, म्हणून कळकळीने सांगतो. फॅटी लिव्हरमध्ये 7 ते 10 टक्के वजन घटवणं आणि दारू सोडणं याचा खरा उपयोग होतो. पोटाचं मात्र वेगळं: बद्धकोष्ठतेवर इसबगोल आणि आयबीएसच्या (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी वारंवार होणारा आतड्याचा विकार) दुखण्यावर पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल यांना बऱ्यापैकी पुरावा आहे. काहीही घेताना डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर ते लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा.